मदत हवी आहे: 'बाय 31' म्हणजे 31 धरून की 30लाच बाहेर? अर्जंट

घरशोध्या: लोकहो, घरमालकांचा मेसेज आलाय, प्लीज व्हेकेट द फ्लॅट बाय 31. टेम्पो मला 31लाच मिळतोय आणि बायको म्हणते बाय म्हणजे त्याच्या आधी, 30ला रात्रीच सगळं बाहेर पाहिजे. गूगलवर बायचे ढीगभर अर्थ येतात, यातला कुठला धरू? लवकर सांगा, टेम्पोवाल्याला अ‍ॅडव्हान्स द्यायचाय.

काटेकोर: 31 धरून. बाय म्हणजे उशिरात उशिरा त्या दिवशी. 31 नको असती तर बिफोर 31 लिहिलं असतं.

नाना ठाणेकर: इतकं सोपं नसतं. अ‍ॅग्रीमेंट कधी संपतंय?

घरशोध्या: अहो अ‍ॅग्रीमेंटचा काय संबंध, मी इंग्रजी विचारतोय. 1 जुलैपासून 11 महिने, नेहमीसारखं.

नाना ठाणेकर: म्हणजे 31 मेलाच संपतंय. मग संबंध आहेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 24, मुदत संपूनही बसून राहिलात तर दुप्पट दराने भरपाई. म्हणून तर वकील ऑन ऑर बिफोर लिहितात, वादच नको.

काटेकोर: नाना, 31ला तो मुदतीतच आहे, उगाच कशाला घाबरवताय. खरा घोळ बाय आणि अंटिलचा आहे, आपण दोन्हीला 'पर्यंत'च म्हणतो. स्टे अंटिल 31 म्हणजे तोवर राहणं चालू, व्हेकेट बाय 31 म्हणजे तोवर कधीतरी एकदा काम उरकायचं, 25ला गेलात तरी मालकांची हरकत नाही.

पिंट्या नाशिक: नवीन घराचं भाडं पण नीट वाचा, 20 हजारांवर इन्क्रीज्ड बाय 2000 असेल तर 22 द्यावे लागतील. आणि बेडरूम 10 बाय 10 म्हणाले तर टेप लावून बघा, आमच्याकडे कपाटाचं दार उघडलं की पलंगाला आपटतं.

सुलभा: आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, 2000 साली पहिलीपासून झालं तरी गाडी बायवरच अडलीये. बाय बस, बाय ट्रेन, पण ऑन फूट, हे आमचं तोंडपाठ होतं.

घरशोध्या: ताई, पायी नाही, टेम्पोने जायचंय.

सुलभा: मग बाय टेम्पो. मध्ये 'अ' आला की मात्र इन अ टेम्पो, बाय अ टेम्पो नाही.

काटेकोर: तो मेसेज पूर्ण टाका बघू.

घरशोध्या: प्लीज व्हेकेट द फ्लॅट बाय 31, कीज टू बी हँडेड ओव्हर बाय नून. किल्ल्यांचं वेगळंय ते.

नाना ठाणेकर: वेगळं कसं? दुपारी 12ला किल्ल्या दिल्यावर सामान खिडकीतून काढणार? टेम्पो कितीचा?

घरशोध्या: चारचा.

काटेकोर: मग आत्ता मालकांना फोन लावा, किल्ल्या संध्याकाळी चालतील का विचारा, हो म्हणाले तर मेसेजवर लिहून घ्या. नाहीतर टेम्पो सकाळचा बघा, अ‍ॅडव्हान्स नंतर.

पिंट्या नाशिक: आणि डिपॉझिट हातात पडल्याशिवाय किल्ली सोडू नका, आमचे जुने मालक रंगाचे पैसे कापून मोकळे झाले.

नाना ठाणेकर: रंगाचं अ‍ॅग्रीमेंटमध्ये काय होतं?