एचडी कोणाचं घ्यावं? (रविवार, 1 ऑक्टोबर 2023, सोसायटी ग्रुप)

देशपांडे काका (बी 402): नमस्कार मंडळी. नवीन 43 इंची टीव्ही घेतलाय हे सगळ्यांना माहितीच आहे, कारण लिफ्ट बंद होती आणि तो चार मजले चढवताना प्रत्येकाने दार उघडून बघितलं, हात कोणी लावला नाही ते जाऊदे. तर चित्र जुन्या टीव्हीपेक्षा वाईट दिसतंय. खेळाडूंची तोंडं पुसल्यासारखी, स्कोअर वाचता येत नाही. 8 तारखेला वर्ल्ड कपची ऑस्ट्रेलियाशी मॅच आहे. एचडी घ्यायचंय, म्हणजे ते जास्त स्पष्ट चित्रवालं. छत्रीवाल्या कंपन्यांपैकी टाटा, एअरटेल, डिश, डीटूएच, कोणाचं घेऊ? ज्यांच्या घरी आहे त्यांनीच सांगा, ऐकीव नको.

शिंदे (ए 101): काका दूरदर्शनची फ्री डिश लावा. एकदाच खर्च, महिन्याला शून्य रुपये.

सावंत साहेब (ए 303): माझ्याकडे पहिल्यापासून एचडी आहे. स्पष्ट सांगतो, फरक काही नाही. उगाच पैसे काढायचे धंदे.

सेक्रेटरी: चर्चा करा, पण छत्री लावायला गच्चीच्या कठड्याला नवीन भोक पाडायचं नाही ही विनंती. मे महिन्यात वॉटरप्रूफिंग झालंय, खर्च सगळ्यांना माहीत आहे. काहींनी अजून दिलेला नाही तो भाग वेगळा.

शिंदे (ए 101): हा टोमणा कोणाला?

सेक्रेटरी: कोणालाच नाही शिंदेसाहेब 🙏

मोने काकू (बी 502): वॉटरप्रूफिंग झालं तरी माझ्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आहेच. फोटो तीनदा टाकलाय. टीव्हीचं नंतर बघा.

निनाद (ए 204): काका, टीव्हीत काही बिघाड नाही. तुमच्या टीव्हीत 1920 बाय 1080 ठिपके आहेत आणि साधा चॅनल येतो 720 बाय 576 चा. तेवढंच चित्र सगळ्या पडद्यावर ताणून बसवायचं म्हटल्यावर ते पुसटच दिसणार, जुन्या 21 इंची डब्यात ते लपून जायचं.

मोने काकू (बी 502): म्हणजे चार जणांच्या आमटीत पाणी घालून दहा जणांना वाढायचं.

निनाद (ए 204): काकू 👌

देशपांडे काका (बी 402): ते कळलं. पण कोणाचं घेऊ?

कदम (बी 203): काका एअरटेल घ्या, माझ्याकडे आहे, पिक्चर मस्त.

निनाद (ए 204): कदमदादा तुमची छत्री तुमच्या गॅलरीत आहे, दक्षिणेच्या कोपऱ्यावर, पूर्वेला बांधतायत त्या नवीन टॉवरच्या पलीकडचं मोकळं आभाळ मिळतं तुम्हाला. काकांची गच्चीत पूर्वेच्या कठड्याला आहे. चित्र सगळ्यांचं चांगलंच असतं हो, चॅनल तोच, एचडी तेच. आपल्याला बघायचं ते हे की उपग्रह कुठे आहे. टाटा प्लेचा 83 अंश पूर्व रेखांशावर, डीटूएचचा 88, डिश टीव्हीचा 95, एअरटेलचा 108. पुणे 74 च्या आसपास, आकडा जितका मोठा तितका उपग्रह पूर्वेला. म्हणजे टाटाची छत्री दक्षिणेकडे थोडी आग्नेयेला आणि बरीच वर बघते, एअरटेलची पूर्वेकडे जास्त वळलेली आणि त्या मानाने खाली. आणि पूर्वेच्या प्लॉटवर काय चाललंय ते रोज सकाळी सातला ब्रेकरच्या आवाजाने सगळ्यांना समजतंच.

कुलकर्णी (बी 301): अरे बापरे, म्हणजे तो 22 मजली झाला की बी विंगच्या एअरटेलवाल्यांचं काय?

निनाद (ए 204): कंपाउंडला खेटून आहे. मधे आला तर सिग्नल गेला, इतकं साधं आहे. छत्रीला समोर मोकळं आभाळ लागतं, झाडाच्या फांद्यासुद्धा नको.

सेक्रेटरी: टॉवरबद्दल आपण पत्र दिलेलं आहे.

कुलकर्णी (बी 301): पत्राचं उत्तर आलं का हो? दोन मीटिंगा झाल्या.

सेक्रेटरी: विषय टीव्हीचा आहे.

शिंदे (ए 101): फ्री डिशला हे काही टेन्शन नाही. आणि वर्ल्ड कपच्या भारताच्या मॅचेस डीडी स्पोर्ट्सवर फुकट. महिन्याला शून्य रुपये.

निनाद (ए 204): शिंदेकाका मॅचचं बरोबर आहे तुमचं. आणि ते फक्त फ्री डिशवर आणि अँटेनावरच दिसतं, 2017 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की दूरदर्शनचं ते प्रक्षेपण खाजगी छत्रीवाल्या कंपन्यांना आणि केबलवाल्यांना दाखवता येणार नाही. पण टेन्शन नाही असं नाही, तिचाही उपग्रह 93.5 ला आहे, आणि चित्राची काकांची जी तक्रार आहे ती तिथे सुटणार नाही.

देशपांडे वहिनी (बी 402): आणि त्यावर प्रवाह नाही. मॅच दुपारी दोनला सुरू होणार ती रात्री दहापर्यंत, माझ्या मालिकांचं काय ते आधी ठरवा मग कंपनी ठरवा.

कदम (बी 203): 😂😂 वहिनी दुसरा टीव्ही

देशपांडे काका (बी 402): दुसरा टीव्ही आहे, जुना, तो बेडरूममध्ये ठेवलाय. त्याला पण वेगळे पूर्ण पैसे का?

कुलकर्णी (बी 301): मी सांगतो, मी हे नीट वाचलंय. 2019 पासून ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे, बिलात दोन भाग, एक एनसीएफ म्हणजे नुसतं कनेक्शनचं भाडं, सध्या 2023 ला जास्तीत जास्त 130 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, 153.40 होतात, त्यात 200 चॅनलपर्यंत. दुसरा भाग चॅनलची किंमत. एचडीचा एक चॅनल दोन मोजतात पण घरात 200 कोण बघतंय. दुसऱ्या टीव्हीला एनसीएफ सध्या पहिल्याच्या 40 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, म्हणजे 52 अधिक जीएसटी. चॅनलचे पैसे मात्र त्या बॉक्सलाही वेगळे लागतात, म्हणून बेडरूमच्या टीव्हीवर वहिनींचे तीनचार मराठी चॅनल सुटे घ्या, अख्खं पॅकेज नको. आणि तिथे साधाच बॉक्स ठेवा, त्या जुन्या टीव्हीला एचडी कळणार नाही.

देशपांडे वहिनी (बी 402): म्हणजे मी बेडरूममध्ये साध्यात बघायचं आणि हॉलमध्ये एचडी क्रिकेट. छान.

कदम (बी 203): काका आता तुम्ही संपलात

कुलकर्णी (बी 301): अजून एक. एचडी करताना कस्टमर केअरवाला सगळ्यात मोठं पॅकेज गळ्यात मारतो. माझ्याकडे, कंपनीचं नाव घेत नाही, एकच चॅनल साधा पण चालू आणि एचडी पण चालू, दोन्हीचे पैसे कापत होते, हे मला कितीतरी महिन्यांनी लक्षात आलं. अ‍ॅपमध्ये जाऊन साधे बंद करायचे. शिवाय सोनी मराठी, एबीपी माझा हे एचडीत नाहीतच, ते साधेच ठेवावे लागतात. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांचे एचडी आहेत.

शिंदे (ए 101): एवढा हिशोब करण्यापेक्षा फ्री डिश. शून्य रुपये.

मोने काकू (बी 502): शिंदे, शून्य रुपयांची एवढी आवड आहे तर मेंटेनन्सही तसाच चाललाय वाटतं.

शिंदे (ए 101): काकू तुम्ही ज्येष्ठ आहात म्हणून बोलत नाही. गच्चीवर माझ्या छत्रीच्या दांड्याला गाद्यांची दोरी कोण बांधतं ते अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. छत्री एक बोट हलली की पावसात पहिला माझा टीव्ही जातो.

मोने काकू (बी 502): हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको 🙏🙏

निनाद (ए 204): पावसाचं मात्र खरंय. कोरड्यात थोडी वाकडी छत्रीही चालून जाते, ढग भरले की त्या वाकडेपणाचा हिशोब निघतो. परवा विसर्जनाच्या दिवशी अर्ध्या बी विंगचं गेलं होतं ते त्यामुळेच असणार.

राहुल (ए 402): छत्रीच कशाला पाहिजे? वायफाय आहे ना सगळ्यांकडे. हॉटस्टार लावा.

कदम (बी 203): फुकट फक्त मोबाइलवर आहे रे, टीव्हीवर पैसे लागतात. आणि नेटवर मॅच मागे चालते. आशिया कपला खालून ओरडा ऐकू यायचा आणि आमच्याकडे बोलर अजून रनअपवर. मजाच गेली सगळी.

सावंत साहेब (ए 303): परत सांगतो. एचडीत फरक नाही. घरी येऊन बघा ज्याला बघायचं त्याने.

निनाद (ए 204): साहेब येऊ का? खालच्याच मजल्यावर आहे.

सावंत साहेब (ए 303): या. चहा होतोय.

राहुल (ए 402): तोपर्यंत गहुंजे स्टेडियमच्या 19 तारखेच्या मॅचची तिकिटं कोणाकडे जास्तीची आहेत का

कदम (बी 203): असती तर ग्रुपवर सांगितलं असतं का

देशपांडे काका (बी 402): विषय भरकटतोय. मी टाटाला फोन केला, माणूस आज दुपारीच येतो म्हणाला. कदमांचा राग नाही, पण टॉवरचं ऐकून हिंमत होईना. सध्याची छत्री दुसऱ्या कंपनीची आहे, तीच चालेल का? आणि जुना बॉक्स?

कुलकर्णी (बी 301): बॉक्स नाही चालणार, प्रत्येक कंपनीचा बॉक्स तिच्याच कुलपाचा. छत्री फिरवून घेता येते बऱ्याचदा पण माणूस नवीनच लावायला बघेल. जुन्याच दांड्याला लावायला सांगा, भोक वाचेल.

सेक्रेटरी: धन्यवाद कुलकर्णी. हेच म्हणत होतो.

निनाद (ए 204): सावंत साहेबांकडून आलो. बॉक्स एचडीच आहे. पण टीव्हीला लाल पांढरी पिवळी वायर लावलेली, त्यातून एचडी जातच नाही. एचडीएमआयची वायर बॉक्सच्या खोक्यात पिशवीत तशीच, पिशवी फोडलेलीसुद्धा नाही. आणि चॅनल साध्याच नंबरवर लावत होते, एचडीचे नंबर वेगळे असतात. आता लावून दिलंय.

कदम (बी 203): 🤣🤣🤣

राहुल (ए 402): साहेब किती वर्षं पैसे भरले

सावंत साहेब (ए 303): इन्स्टॉल करणाऱ्याने सांगायला पाहिजे होतं. फरक आहे थोडा.

सावंत वहिनी (ए 303): थोडा? बातमीदाराच्या शर्टाच्या चौकटी मोजतायत बसून.

निनाद (ए 204): वहिनी बातम्या तर साध्याच येतात 😅 फक्त वायरीमुळे एवढं सुधारलंय.

शिंदे (ए 101): तरी सांगतो, फ्री डिश.

देशपांडे काका (बी 402): टाटाचा माणूस खाली आलाय. एचडीएमआयची वायर माझ्यासमोर लावून घेणार आहे. गच्चीची चावी कोणाकडे?

सेक्रेटरी: वॉचमनकडे.

देशपांडे काका (बी 402): तो म्हणतो तुमच्याकडे.

सेक्रेटरी: मी चिंचवडला आहे साहेब, पुतण्याच्या साखरपुड्याला. एक चावी मोने काकूंकडे असते, गाद्या वाळवायला घेतात त्या.

देशपांडे काका (बी 402): मोने काकू चावी द्या प्लीज, माणूस थांबत नाहीये.

मोने काकू (बी 502): देते. येताना त्याला बेडरूमच्या कोपऱ्यातली ओल दाखवते, भोक कुठे पाडायचं नाही ते त्याला नीट कळेल. आणि सेक्रेटरींनी साखरपुड्याहून आल्यावर बघायला यावं.