लॉग सर्व्हरचा आयपी बदलतोय, शाखांमधली उपकरणं कशी वळवायची?

होटगीरोड
आमच्या सहकारी बँकेचा मध्यवर्ती लॉग सर्व्हर सोलापूरच्या मुख्य कार्यालयातून पुण्याच्या डेटा सेंटरला हलतोय. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, करमाळा, सगळीकडचे राउटर, स्विच, फायरवॉल जुन्याच आयपीवर सिसलॉग (म्हणजे आपापल्या घडामोडींच्या नोंदी, लॉग) पाठवतात, यूडीपी पोर्ट ५१४ वर. एकेका उपकरणात शिरून पत्ता बदलायला फार वेळ जाईल, आणि आषाढीच्या तोंडावर पंढरपूरच्या फायरवॉलला कुणी हात लावू देणार नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात, त्यामुळे मधे खंड नको. काय करावं?

अक्कलकोटरोड
जुना आयपी सोडूच नका. तो सोलापुरातच एका लिनक्स मशीनला द्या आणि त्याला रिले करा, म्हणजे लॉग घेऊन पुढे पाठवणारा मधला टप्पा. शाखांकडून यूडीपी घ्यायचं, पुढे पुण्याला टीएलएसने, म्हणजे एन्क्रिप्ट करून, पोर्ट ६५१४ वर. यूडीपीत पोच नसते, वाटेत गेलेला लॉग परत मिळत नाही. म्हणून रिलेवर आरसिसलॉगची (लिनक्सवरचा सिसलॉग प्रोग्राम) रांग डिस्कवर ठेवा, म्हणजे पुण्याची लाइन पडली तरी माल साठून राहील.

एक मात्र आधीच बघा. पुण्याला सगळे लॉग रिलेच्या आयपीवरून आलेले दिसतील. ज्या स्विचच्या संदेशात होस्टनेम (उपकरणाचं नाव) नसतं, त्यांची शाखाच ओळखू येणार नाही. रिलेच्या टेम्प्लेटमध्ये (पुढे जाणाऱ्या संदेशाच्या साच्यात) मूळ आयपी जोडा. चौकशीच्या वेळी हाच आयपी लागतो.

होटगीरोड
आणि आयपीऐवजी डीएनएस नाव दिलं तर? टीटीएल (नावाचा पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ३०० सेकंद ठेवून?

बाळीवेस
नाव जरूर द्या, पण टीटीएलच्या भरवशावर राहू नका. बरेच सिसलॉग क्लायंट सुरू होताना एकदा नाव विचारतात आणि रीस्टार्ट होईपर्यंत तोच पत्ता धरतात. डीएनएस बदललं की लिनक्स मशीनवरची सेवा रीस्टार्ट करा. फक्त आयपी घेणारी जुनी उपकरणं रिलेवरच राहू द्यात. टीएलएसचं प्रमाणपत्रही नावावरच काढा, नाहीतर पुढच्या स्थलांतराला ते पुन्हा काढावं लागेल.

होटगीरोड
पटलं. रिले बंद केव्हा करायचा?

अक्कलकोटरोड
टीसीपीडम्पने (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन) रिलेच्या ५१४ वर अजून कोण येतंय ते बघा. पण शांतता दिसली म्हणून लगेच बंद करू नका. काही स्विच पोर्ट चालू-बंद झाल्यावरच बोलतात. उपकरणांची यादी घ्या, पुण्याच्या सर्व्हरवर प्रत्येकाचा निदान एक संदेश रिलेवरून नाही, थेट आलाय का ते ताडून बघा. ज्याचा आला नसेल, त्या शाखेत फोन करून एखाद्या रिकाम्या पोर्टला केबल लावून काढायला सांगा.

होटगीरोड
बार्शीपासून सुरुवात करतो. पंढरपूर वारीनंतर.