मदत हवी आहे: नव्या फोन, टॅबलेट, स्टिकच्या घोषणेनंतरच्या कुठल्या प्रतिक्रिया मनावर घ्यायच्या?

नमस्कार मंडळी,

घरातल्या तीन वस्तू एकदमच बदलायला आल्या आहेत. माझा फोन (सुरक्षा अपडेट बंद झाले आणि बॅटरी दुपारीच मान टाकते), आईचा टॅबलेट आणि टीव्हीला लावलेली स्ट्रीमिंग स्टिक. नवी मॉडेलं जाहीर होत होती म्हणून थांबले आणि लोकांच्या प्रतिक्रिया वाचायला घेतल्या. आता प्रत्येक वस्तूबद्दल "अजिबात घेऊ नका" आणि "डोळे मिटून घ्या" ही दोन्ही मतं सारख्याच ठामपणे मांडलेली वाचून झाली आहेत आणि निर्णय तिथेच अडला आहे.

कोणतं मॉडेल घेऊ ते माझं मी ठरवेन. अडलंय ते असं: घोषणेनंतरच्या पहिल्या आठवड्यात जो तक्रारींचा पाऊस पडतो, त्यातली कुठली तक्रार तीन-चार वर्षांनी खरोखर त्रास देणार, हे आधी कसं ओळखायचं? ज्यांनी अशी उपकरणं बरीच वर्षं वापरली आहेत त्यांच्याकडून ऐकायचंय.

मला जे दिसलं ते आधी मांडते.

पहिल्या दिवशीच्या बहुतेक प्रतिक्रिया वस्तूवर नसतात, कागदावरच्या वैशिष्ट्यांवर असतात, कारण वस्तू कुणाच्या हातात आलेलीच नसते. २०१० साली पहिला आयपॅड जाहीर झाला तेव्हा "हा तर नुसता मोठा आयपॉड टच" असं कितीतरी जणांनी म्हटलं होतं, नावाची थट्टा झाली होती, कॅमेरा नाही म्हणून ओरड झाली होती. विक्री सुरू झाल्यावर २८ दिवसांत दहा लाख आयपॅड खपले. एवढंच वाचलं तर वाटतं की तक्रार करणारे चुकले. पण पुढच्याच वर्षी आयपॅड २ आला तो पुढे-मागे कॅमेरे घेऊन! म्हणजे त्याच लोकांचा एकूण निकाल चुकला होता, पण एक नेमकी तक्रार अगदी बरोबर होती. माझा सगळा गोंधळ इथेच आहे.

स्टिकचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. २०२० च्या 'क्रोमकास्ट विथ गूगल टीव्ही'मध्ये साठवणीची जागा ८ जीबी होती आणि त्यातली निम्मी सिस्टीमच खाऊन टाकायची. लोकांनी सुरुवातीपासून सांगितलं की चार ॲप टाकली की जागा संपते. २०२४ मध्ये त्याच्या जागी गूगल टीव्ही स्ट्रीमर आला तेव्हा जागा ३२ जीबी झाली. ही तक्रार खरी ठरणार हे आधीच कळण्यासारखं होतं, कारण ॲप दर वर्षी फुगत जातात आणि आतली जागा काही वाढत नाही. आयफोनच्या साध्या मॉडेलचा पडदा ६० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणारा) असल्याबद्दल लोक वर्षानुवर्षं बोलत राहिले, तो १२० हर्ट्झ झाला २०२५ च्या आयफोन १७ मध्ये. याउलट हेडफोनचा जॅक. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून तो गेला तेव्हा इतका गदारोळ झाला, तरी परत आला नाही, उलट २०१९ मध्ये सॅमसंगनेही नोट १० मधून काढला. वायरचे हेडफोन वापरणाऱ्यांची तक्रार रास्तच होती, फक्त कंपन्यांनी ती ऐकली नाही.

यावरून मी एक आडाखा बांधला होता. जे घेतल्यानंतर बदलता येत नाही (जागा, रॅम, पडदा, पोर्ट) त्याबद्दलची तक्रार मनावर घ्यायची आणि जे सॉफ्टवेअरने सुधारू शकतं त्यासाठी महिनाभर थांबायचं. आयफोन १५ प्रो सुरुवातीला तापत होता, आयओएस १७.०.३ च्या अपडेटमध्ये तो दोष दुरुस्त केल्याचं ॲपलने सांगितलं. आडाखा बसला.

मग वाइडवाइनचं (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या गूगलच्या कुलपाचं; त्याचे एल१, एल३ असे दर्जे असतात) प्रकरण वाचलं आणि गोंधळ झाला. वनप्लस ५ आणि ५टी या फोनांना एल१ दर्जा नव्हता, त्यामुळे नेटफ्लिक्स एचडीत दिसत नव्हतं. कंपनीने उपाय दिला, पण त्यासाठी फोन त्यांच्याकडे पाठवावा लागत होता. पोको एफ१ ची तक्रार अगदी हीच होती, तिथे मात्र २०१९ मध्ये साध्या अपडेटने काम झालं. मग याला 'बदलता न येणारं' म्हणायचं की 'सुधारेल' म्हणायचं? घेण्याआधी कळायला काही मार्ग आहे का?

कौतुकाचंही तसंच. ॲपलने २०२४ च्या जूनमध्ये नव्या सिरीची (त्यांच्या आवाजी मदतनीसाची) जी कामं दाखवली, त्यावर लोक खूश होते. २०२५ च्या मार्चमध्ये ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. त्यामुळे "लवकरच येणार" या शब्दांवर मिळालेली दाद मी आता मोजतच नाही.

प्रत्येक वस्तूबद्दल माझी अडचण थोडक्यात सांगते.

स्टिकमध्ये ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ४के सिलेक्ट बघत होते. ती अँड्रॉइडवर चालत नाही, वेगा नावाच्या नव्या लिनक्स-आधारित प्रणालीवर चालते आणि बाहेरून (ॲमेझॉनच्या ॲप स्टोअरशिवाय) ॲप टाकता येत नाहीत. सगळ्यात जास्त संताप त्यावरच आहे. मी बाहेरून ॲप टाकत नाही, मग तो संताप बाजूला ठेवू का? रॅम १ जीबी आहे त्याचं काय?

आईसाठी साधा आयपॅड, ए१६ चिपवाला. त्यावर दोन तक्रारी दिसतात: ॲपल इंटेलिजन्स (ॲपलच्या एआय सोयी) चालत नाही, आणि पडद्याची काच व डिस्प्ले यांच्यात फट आहे. आई वाचते, व्हिडिओ बघते, कधीमधी पेन्सिलने चित्रं काढते.

फोनसाठी सात वर्षं अपडेट देणाऱ्यांपैकी (पिक्सेल ८ पासून पुढचे किंवा गॅलेक्सी एस२४ पासून पुढचे) एखादा. त्यावरच्या चर्चांत दर दुसरा माणूस म्हणतो, बॅटरी तीन वर्षांत जाणार, सात वर्षांचं काय घेऊन बसलात? हे बोलणं मला पटतंही आणि नाहीही.

कृपया अनुभवातून सांगा.

प्रतिसाद

वाइडवाइनचा गोंधळ रास्त आहे, कारण ते हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरच्या सीमेवर आहे. एल१ म्हणजे व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरच्या सुरक्षित भागात होतं. एल३ मध्ये तो सुरक्षित भाग वापरला जात नाही, म्हणून नेटफ्लिक्ससारख्या सेवा चित्र ४८० पी वर, म्हणजे एचडीच्या खालीच, रोखून धरतात. आजच्या जवळपास सगळ्या फोनच्या चिपमध्ये असा सुरक्षित भाग असतो. प्रश्न असतो त्यासाठी लागणारी किल्ली त्यात भरली आहे का आणि सेवेने ते मॉडेल प्रमाणित केलं आहे का, याचा. किल्ली सुरक्षितपणे दूरून भरायची सोय असेल तर अपडेटने भागतं, नसेल तर उपकरण कंपनीकडे पाठवावं लागतं. ग्राहकाला बाहेरून यातलं काहीच कळत नाही. म्हणून माझा सल्ला: एल१ घोषणेच्या दिवशी नसेल तर तो नाहीच असं धरून चाला.

तपासणं मात्र सोपं आहे. अँड्रॉइडवर नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये ॲप सेटिंग्जमध्ये गेलात की प्लेबॅक स्पेसिफिकेशन दिसतं, तिथे वाइडवाइनचा दर्जा आणि जास्तीत जास्त रेझोल्यूशन लिहिलेलं असतं. "चित्र धूसर दिसतं" एवढंच लिहिणारी प्रतिक्रिया सोडून द्या. जो माणूस हा पडदा उघडून आकडे लिहितो, त्याची वाचा.

स्टिकबाबत आणखी एक. ४के साठी टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला एचडीसीपी २.२ (केबलमधून जाणाऱ्या चित्राची नक्कल रोखणारी सोय) लागतं, आणि जुन्या ४के टीव्हींत कित्येकदा एखाद-दुसऱ्याच पोर्टला ते असतं. "४के येतच नाही" या तक्रारींतल्या बऱ्याच चुकीच्या पोर्टच्या असतात.

प्रतिसाद

वरच्याला जोडून: "आपोआप रीस्टार्ट होते" या तक्रारींत लिहिणाऱ्याने वीज कुठून घेतली ते बघा. टीव्हीच्या यूएसबी पोर्टला जोडलेली असेल तर दोष बहुधा स्टिकचा नसतो. साधा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ४के स्टिकला तेवढं पुरत नाही. सोबतचा ॲडॉप्टर वापरूनही तसंच होत असेल तरच ती तक्रार मोजा.

प्रतिसाद

बॅटरी आणि सात वर्षं याबद्दल. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात फोन आणि टॅबलेटना नवे नियम लागू झाले. बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, सुटे भाग मिळत राहिले पाहिजेत. सोबत लेबलही आलं, त्यावर चार्जच्या चक्रांची संख्या, पडल्यावर टिकण्याचा दर्जा आणि दुरुस्तीचा दर्जा छापलेला असतो. ही माहिती युरोपीय संघाच्या एप्रेल नावाच्या सार्वजनिक नोंदवहीत कुणालाही बघता येते. घोषणेनंतर मी सगळ्यात आधी तिथे मॉडेल शोधतो. दुरुस्तीचा दर्जा चांगला असेल तर मधे एकदा बॅटरी बदलून सात वर्षं काढता येतात, म्हणून "बॅटरी जाणारच" हा मुद्दा मला अर्धवट वाटतो.

पण एक गोष्ट जरूर बघा, ती चर्चांत फार कमी जण लिहितात. सात वर्षं मोजायला सुरुवात होते मॉडेल बाजारात आल्यापासून. तुम्ही फोन कधी घेतला याच्याशी त्याचा संबंध नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल घेतलंत तर तुमच्या वाट्याला पाचच येतात.

प्रतिसाद

ताई, आईंसाठी तो आयपॅड खुशाल घ्या. फट असलेल्या पडद्यावर पेन्सिलचं टोक आणि उमटणारी रेघ यांत किंचित अंतर जाणवतं. रोज चित्रं काढणाऱ्याला ते खुपतं, कधीमधी काढणाऱ्याला सवय होते. वाचायला काहीच फरक नाही. प्रतिबिंब मात्र जरा जास्त पडतं, खिडकीजवळ बसून वाचत असतील तर ते एकदा प्रत्यक्ष बघून घ्या.

वेगाबद्दल माझं मत वेगळं आहे. १ जीबी रॅमची अँड्रॉइड स्टिकशी सरळ तुलना करू नका, प्रणालीच हलकी आहे. खरी अडचण ॲपची. अँड्रॉइडसाठी लिहिलेलं ॲप वेगावर जसंच्या तसं चालत नाही, ते नव्याने बनवावं लागतं. तोपर्यंत काही ॲप ॲमेझॉनच्या सर्व्हरवर चालवून दाखवली जातात. मोठ्या सेवा नवं ॲप बनवतातच, लहान सेवांचं सांगता येत नाही. बाहेरून ॲप टाकण्याची वाट असती तर एखादं ॲप तिथून मिळालं असतं, आता तीही बंद. म्हणून तो संताप पूर्ण बाजूला ठेवू नका, तुमच्याही कामाचा आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सात वर्षं कधीपासून मोजतात हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. मी मागच्या पिढीतलं मॉडेल धरून चालले होते, आता चालू पिढीचं बघते आणि एप्रेलवर दोन्हींचा दुरुस्तीचा दर्जा शोधते.

आई खिडकीजवळच वाचते. उद्या तिला सोबत नेऊन उजेडात पडदा दाखवते, तिचं तीच ठरवेल.

स्टिकचं अजून अडलेलं आहे. आमच्याकडे दोन मोठ्या सेवांशिवाय शास्त्रीय संगीताच्या मैफिली दाखवणारी एक लहान सेवा चालते आणि आईसाठी तीच महत्त्वाची आहे. तिचं अँड्रॉइड ॲप आहे, वेगासाठी येणार का ते कुठे लिहिलेलं नाही. मी त्यांना विचारलं आहे. दरम्यान, वेगावरची स्टिक वापरणारं इथे कुणी असेल तर सांगाल का: ॲमेझॉनच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या ॲपमध्ये आवाज आणि चित्र मागेपुढे होतात का? मैफिलीसाठी ते कळणं फार गरजेचं आहे.