मदत हवी आहे: ओल्या फडक्यात बी उगवतं, वाफ्यात का नाही?

नमस्कार मंडळी. नागपूरजवळ, उमरेड रोडला आमचं लहानसं वावर आहे. जुलैत लावायला भिवापुरी मिरचीचं रोप टाकलंय, बाजूच्या वाफ्यात घरापुरता सांबार (म्हणजे तुमची कोथिंबीर). नवतपा चालू आहे, पारा ४५ च्या आसपास.

बी घरचंच, गेल्या हंगामातलं. कूलरच्या खोलीत ओल्या फडक्यात ठेवलं तर छान मोड येतात. वाफ्यात मिरची तुरळक उगवली, सांबार जवळपास नाहीच. कडेला टोचलेली भेंडी आणि चवळी मात्र त्याच पाण्यावर तरारलीय!

सासरे म्हणतात, उन्हानं बी भाजलं. मला बोअरच्या पाण्याचा संशय आहे, कारण कूलरच्या ताट्यांवर त्यानं पांढरा थर धरतो. फडक्याला नळाचं पाणी वापरलं होतं, म्हणून नक्की सांगता येत नाही. ऊन की क्षार, हे कसं ओळखायचं? रोप परत टाकायचं तर आताच टाकावं लागेल.

उत्तर १
ताई, ताट्यांवरचा थर बहुतेक चुन्याचा असतो. पाणी जड आहे एवढंच त्यातून कळतं, खारं आहे असं नाही. माझं मत सासऱ्यांच्या बाजूनं. मिरची २५ ते ३० अंशांत उत्तम उगवते, ३५ च्या पुढे मंदावते; सांबाराला त्याहून गारवा लागतो. भेंडी ३५ लाही खुशाल येते, पण खाऱ्या पाण्याला ती काही फार चिवट नाही. काळ्या मातीचा वरचा थर दुपारी हवेपेक्षा जास्त तापतो, आणि बी असतं तिथंच.

तरी वाफा उकरून बी पाहा. फुगलंच नसेल तर ओल कमी पडली किंवा क्षार आडवे आले. फुगलंय, टणक आहे, पण कोंब नाही, तर उष्णता. कोंब येऊन खालीच वाकला असेल तर वरची पापडी फोडा. मऊ पडून कुजलं असेल तर बुरशी. शिवाय कूलरच्याच खोलीत एक फडकं बोअरच्या पाण्याचं, एक नळाच्या पाण्याचं ठेवा. दोन्हीत सारखे मोड आले की पाण्यावरचा संशय फिटला.

मूळ धागाकर्ती
उकरलं. सांबार फुगलेला, टणक, कोंब नाही. मिरचीही बरीचशी तशीच. फडकी आज ठेवते. सांबार आता पाऊस पडून गारवा आल्यावरच. मिरचीवर ५० टक्के सावलीची ग्रीन नेट पुरेल की ७५ ची आणू? आणि नेट किती उंच बांधायची?