कंबरदुखीची डायरी मोबाईलवर ठेवतोय, पण त्यातून कळेना काहीच

हुपरीकर
मंडळी, वडील 57 वर्षांचे. पैंजणाचं जोडकाम करतात, म्हणजे रोज सात-आठ तास मांडी घालून वाकून. कंबर दोन वर्षं धरलीय. ऑर्थोनी तपासून ऑपरेशन लागणार नाही म्हटलंय, फिजिओनं व्यायाम दिलेत. दुखण्याची डायरी ठेवायचं ॲप टाकून दिलं, तर ते दर दोन तासांनी "आता किती दुखतंय?" विचारतं. आठवड्यात पन्नासेक आकडे जमले, सगळे 5 ते 8 मध्ये. याचं करायचं काय?

फिजिओ_राजारामपुरी
आधी ते नोटिफिकेशन बंद करा. दिवसभर कंबरेची चौकशी चालली की लक्ष तिथंच राहतं, आणि दुखणं आणखी जाणवतं. तीन महिन्यांच्या वर गेलेलं दुखणं तासातासाला खालीवर होतंच, त्या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही.

आठवड्यातून एकदाच तीन प्रश्न विचारा. गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, दुखण्यानं जगण्यातली मजा किती घालवली, रोजच्या कामात किती अडथळा आला. प्रत्येकाला 0 ते 10, बेरीज भागिले 3. याला पेग स्केल म्हणतात. 7, 8, 6 आले तर 7. सुरुवातीपेक्षा 30 टक्के उतरलं, म्हणजे 7 वरून 5 च्या आत आलं, तर फरक धरायचा. अर्ध्या-एका अंकानं हललं म्हणून खूश होऊ नका, नाराजही नको.

मोबाईल खरा कामाला येतो तो टायमर म्हणून. बसल्यापासून किती मिनिटांनी दुखणं वाढायला लागतं ते तीन दिवस बघा. समजा 28, 22, 25. सरासरी 25, त्यातले 20 टक्के वजा, राहिली 20. टायमर 20 मिनिटांचा. वाजला की उठायचं, दुखत असो वा नसो. दुखत नसताना उठणं हेच जमत नाही कुणाला. "एवढी कडी जोडतो नि उठतो" म्हणत तास जातो. बरं वाटलं त्या दिवशी दुप्पट काम, मग दोन दिवस आडवं, हे चक्र तोडायचंय. दोन मिनिटं उभं राहून चार पावलं टाकली तरी पुरे. आठवडा नीट गेला की दोन मिनिटं वाढवा, त्याहून जास्त नको.

फोन मांडीजवळ असला की अंगठ्यानं गप्प केला जातो. पाच-सहा पावलांवर फळीवर ठेवा. आणि डाग देताना (आचेवर कडी सांधताना) वाजला तर घाईनं उठायचं नाही, आधी आच बंद.

रंकाळा_पहाटे
चालायलाही हाच हिशेब, फक्त एक चूक सगळे करतात. 12 मिनिटं झेपतात म्हणून 12 चा टायमर लावून रंकाळ्यावर निघतात, मग परतीची 12 वेगळी. टायमर 6 चा लावा आणि वाजला की मागं फिरा. ॲपमधलं 10,000 पावलांचं लक्ष्य आधी काढून टाका. तो आकडा 1965 मध्ये जपानात विकायला आलेल्या पेडोमीटरच्या (पावलं मोजायच्या यंत्राच्या) नावातून आलाय, कंबरदुखीशी त्याचा संबंध नाही.

बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळं पावलांचं ॲप मागच्या मागं बंद पडतं नि दिवस कोरा दिसतो. त्या ॲपपुरतं ते सेटिंग काढा.

शीटवाला
पेगसाठी वेगळं ॲप कशाला, गूगल फॉर्म करा. 'लिनिअर स्केल' निवडला की तो आपोआप 1 ते 5 येतो, बदलून 0 ते 10 करा. आकडा टाईप करायची मोकळी जागा ठेवू नका. लोक "सात-आठ" किंवा "सात" लिहितात, उत्तरं जमतात त्या शीटमधलं ॲव्हरेजचं सूत्र असा मजकूर मुकाट गाळतं आणि सरासरी भलतीच निघते. फॉर्मची लिंक होम स्क्रीनवर ठेवा.

रोज एक ओळ मात्र मी लिहायला लावीन, दुखण्याची नाही: झोप किती तास, टायमर वाजल्यावर किती वेळा उठले, गोळी कुठली.

फिजिओ_राजारामपुरी
ती ओळ चालेल. गोळीच्या पट्टीचा मागचा फोटोही काढून ठेवा. पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळ्यांतही असतं, मोठ्या माणसाला सगळं मिळून दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जाता कामा नये. लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर मर्यादा आणखी खाली, ती डॉक्टर सांगतील.

हुपरीकर
नाद खुळा! टायमर आजपासूनच लावतो. व्यायाम यूट्यूबवर बघून केले तर चालतील का?

फिजिओ_राजारामपुरी
नको. नस दबलेल्या काही जणांना पुढं वाकून आराम पडतो, डिस्कवाल्या (मणक्यातली गादी सरकलेल्या) बऱ्याच जणांचं त्याच वाकण्यानं वाढतं. व्हिडिओला तुमची कंबर माहीत नसते. पुढच्या वेळी फिजिओला विचारून वडिलांचंच शूटिंग करा, फोन कंबरेच्या उंचीला, बाजूनं. समोरून घेतलं तर पाठीचा बाक दिसत नाही. किती वेळा करायचं ते आवाजात बोलून घ्या.

आणि हे टायमरवर ढकलू नका: लघवी अडणं किंवा आपोआप होणं, बैठकीची जागा बधिर होणं, पाऊल उचलता न येणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच तासाला सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या) अपघात विभागात न्या, रात्र असली तरी. ताप किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तर आठवडा न घालवता ऑर्थोला दाखवा.