परतवाड्यात राहून डीसीटी घ्यावी का?

भाऊ, ह्युंदाईची आय२० एन लाइन ६ गिअरच्या मॅन्युअलमध्ये घ्यावी की ७ गिअरच्या डीसीटीत, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये, हा तुमचा प्रश्न. "ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक, एएमटी काय नि डीसीटी काय" असा सल्ला काहीजण देतात, तो मला पटत नाही. एएमटी म्हणजे मॅन्युअलच्याच गिअरबॉक्सला आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा; तिच्यात एकच क्लच असतो, गिअर बदलताना इंजिनची ओढ तुटते. चिखलदऱ्याच्या चढावर ओव्हरटेक करताना नेमकं तेच नडतं. डीसीटीत दोन क्लच असतात, पुढचा गिअर आधीच लागून तयार असतो, म्हणून ओढ जवळजवळ तुटत नाही.

पण या गाडीचे क्लच कोरडे आहेत, थंड करायला तेल नाही. मे महिन्यात ४५ अंशांत, जिनिंगसमोरच्या कापसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी इंच-इंच सरकवली की क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. आधी झटके बसतात, मग तापल्याची सूचना येते. अशा वेळी ब्रेक पूर्ण दाबून थांबा, पुढे १०-१५ फूट जागा झाली की एकदाच निघा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक वापरा. घाट उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडलने (गिअर बदलायच्या पट्टीने) दुसरा-तिसरा गिअर धरायचा.

मॅन्युअलची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तालुक्याचा चांगला मिस्त्रीही बदलतो. तिन्ही एकदमच बदला. डीसीटीचा क्लच बसवल्यावर स्कॅनर लावून जुळवावा लागतो, म्हणजे अमरावती किंवा नागपूर गाठणं आलं. रोजचं चालवणं गावाकडचंच असेल तर माझं मत मॅन्युअलला.