मदत हवी आहे : आखाती देशातील भाच्याची दूतावासाकडे नोंदणी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातून वेल्डर म्हणून आखाती देशात गेलेल्या माझ्या भाच्याचा पासपोर्ट मालकाने स्वतःच्या कपाटात कुलूपबंद ठेवल्यामुळे, उद्या युद्ध भडकले तर तो परतणार कसा, या काळजीने ताईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. पासपोर्ट नसल्यास दूतावास मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, हे ठाऊक आहे. 2022 मध्ये युक्रेनमधून विद्यार्थ्यांना सरकारने स्वखर्चाने आणले, 2020 मध्ये कोरोनामुळे परदेशात अडकलेल्यांना आणण्याच्या वंदे भारत मोहिमेत मात्र तिकिटाचे पैसे प्रवाशांनाच भरावे लागले. म्हणून थोडी तजवीज आधीच करून ठेवावी, असे माझे मत आहे. दूतावासाकडे त्याची नोंदणी आम्हाला येथून करता येईल का, आणि अशा वेळी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्ष नातेवाइकांकडून माहिती घेतो का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.